नवी गाडी, पहिले हजार किलोमीटर आणि नंतरचे महिने

नवी गाडी घेतली की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. पहिला, 'हजार किलोमीटर होईपर्यंत साठच्या वर काढू नकोस.' दुसरा, 'आताच्या इंजिनांना रनिंग-इन वगैरे काही लागत नाही, बिनधास्त पळव.' (रनिंग-इन म्हणजे नवी गाडी सुरुवातीला ठरावीक पद्धतीने चालवून इंजिनाचे भाग एकमेकांना बसवून घेणं.) माझी गाडी तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल, गिअर हाताने टाकायचे. पंधरा हजार किलोमीटर कधीच मागे पडले. सुरुवातीचे दीड-दोन हजार किलोमीटर मी ती ठरवून एका पद्धतीने चालवली, आणि तेव्हापासून ऑइलची पातळी आणि अ‍ॅव्हरेज वहीत लिहीत आलोय. एवढ्या वापरानंतर माझं मत असं झालंय की या दोघांत पहिला सल्ला जास्त घातक. तो काळजीपोटी दिलेला असतो, म्हणून कुणी त्याला प्रश्न विचारत नाही इतकंच.

इंजिनात नेमकं काय 'बसायचं' असतं ते आधी पाहू. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यात तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा ओढतात, याला होनिंग म्हणतात. त्या रेघांच्या खाचांत ऑइल टिकून राहतं. खाचांमधले सूक्ष्म उंचवटे पिस्टनच्या रिंगांनी, म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या दट्ट्याभोवतीच्या धातूच्या कड्यांनी, घासून सपाट करायचे असतात. तसं झालं की रिंग भिंतीला घट्ट बसते. आता गंमत इथे आहे. वरची रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीवर दाबली जाते, पण तो दाब थोडाच. खरा जोर येतो जळणाऱ्या वायूचा. तो रिंगच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिनावर लोड आला, तरच रिंग नीट दाबली जाणार. हजार किलोमीटर नुसतं हलक्या पायाने फिरवलं तर हा दाब पुरेसा मिळतच नाही. वर, भिंतीवरच्या ऑइलचा थर तापून तिथेच चकचकीत होऊन बसतो. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते झालं की रिंग बसायची राहते आणि गाडी ऑइल खायला लागते.

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांकडे पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या सूचनांनुसार बहुतेक नव्या इंजिनांत सुरुवातीला साधं मिनरल ऑइल घालतात, ५० तास होईपर्यंत किंवा ऑइलचा खप स्थिरावेपर्यंत. आणि त्या काळात इंजिन मुद्दाम चढ्या पॉवरवर उडवतात, कमी पॉवरवर रेंगाळू देत नाहीत. विमानाच्या इंजिनाइतकी काळजी आपण गाडीची काही घेत नाही; त्यांनाच जर लोड हवा असेल, तर 'जपून चालव'चा अर्थ पुन्हा तपासायला हवा.

दुसऱ्या सल्ल्यातही तथ्य आहे, ते नाकारत नाही. आता होनिंग करतानाच वरचे टोकदार उंचवटे बऱ्यापैकी उडवलेले असतात, त्यामुळे रिंगांचं काम थोडंच उरतं. पण बऱ्याच कारखान्यांत आता इंजिनाची चाचणी पेट्रोल न जाळता, बाहेरच्या मोटरने फिरवूनच होते. म्हणजे उरलेलं थोडं काम आपल्याच हातून व्हायचं असतं, आणि ते बहुतेक सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये उरकतं. नंतर कितीही शहाणपणाने चालवली तरी ती वेळ परत येत नाही.

मी काय केलं? गाडी सुरू केली की अर्ध्या मिनिटात निघायचं, उभी ठेवून गरम करत बसायचं नाही. निघाल्यावर मात्र ऑइल तापेपर्यंत अडीच हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आत. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान दाखवतो. तो मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. ऑइल मागून तापतं, काटा स्थिर झाल्यावरही मी आणखी पाच-सात मिनिटं दम धरायचो. मग मोकळा रस्ता मिळाला की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत पाऊण अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी खेचायची, आणि पाय पूर्ण काढून त्याच गिअरमध्ये तिला आपोआप मंदावू द्यायची. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि खालून थोडं ऑइल वर येऊन भिंत धुऊन निघते, असं जाणकार सांगतात. थोडं थांबून पुन्हा तेच. मागच्या गाडीवाल्याला चालक नवशिका आहे की काय असं वाटत असणार, पण इलाज नव्हता.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकांमधल्या मर्यादाही याच्याशी जुळतातच. बीएमडब्ल्यूच्या काही पुस्तिकांत पेट्रोल इंजिनासाठी पहिले २००० किलोमीटर ४५०० आरपीएम आणि ताशी १६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. टोयोटा पहिल्या १००० किलोमीटरमध्ये एकाच वेगाने फार वेळ चालवू नका म्हणते. साठच्या आत ठेवा असं यात कुठेच नाही. आपल्याकडे मात्र वाचणारा 'कमाल मर्यादा' एवढंच लक्षात ठेवतो आणि 'एकाच वेगाने नको' हे वाक्य सोडून देतो. गाडी आपोआप एकाच वेगाने चालवणाऱ्या क्रूझ कंट्रोलला तर मी या काळात हात लावला नाही.

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी) गाडी असेल तर एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडायला हवी: वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर जोर द्यायची. या इंजिनांना पंधराशे-अठराशे आरपीएमलाच भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो, त्यामुळे माणूस आळसावतो. सहाव्या गिअरमध्ये चढण लागली तरी गिअर उतरवायचा कंटाळा. इंजिन गुरगुरतंय, गाडी थरथरतेय, आणि चालकाला वाटतं आपण पेट्रोल वाचवतोय. पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, बेअरिंगमध्ये ऑइलचा थर फिरण्याच्या वेगामुळे तयार होतो. वेग कमी आणि जोर जास्त म्हणजे थर पातळ. शिवाय थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. तो कमी करण्यासाठी तर इंजिन ऑइलचे नवे दर्जे आले, २०१८ साली एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि २०२० साली एसपी. तेव्हा चार हजारांची भीती बाळगणाऱ्यांनी बाराशे आरपीएमवर पाय दाबताना जास्त घाबरावं.

आता ऑइल. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी, कमाल-किमान खुणांची पट्टी) पाहायची आणि लिहून ठेवायची, हा माझा नियम. सुरुवातीच्या हजारभर किलोमीटरमध्ये पातळी किंचित उतरली, मग उतरायची थांबली. फोक्सवागेनच्या पुस्तिकांत १००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालेल असं लिहिलेलं आढळतं. मला तेवढा खप पाहून झोप लागली नसती, माझा त्याच्या आसपासही गेला नाही. मात्र पातळी अजिबात उतरत नाही म्हणून खूश होऊ नका. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी टिकल्यासारखी किंवा वाढल्यासारखी दिसते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडीला एकदा लांब फिरवून आणावी.

ऑइल लवकर बदलावं का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझ्या पहिल्या सर्व्हिसमध्ये फक्त तपासणी होती, ऑइल बदल नव्हता. मी स्वतःच्या खर्चाने, पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घालून घेतला आणि वॉरंटीसाठी बिल जपून ठेवलं. निघालेलं ऑइल उन्हात धरलं तर त्यात बारीक चमक दिसत होती. ती पाहून समाधान झालं, पण खरं सांगायचं तर त्या चमकीमुळे इंजिनाचं काही बिघडलं असतं असा पुरावा माझ्याकडे नाही. होंडा तर ठरलेल्या वेळेआधी ऑइल बदलू नका असंच सांगते. पैशाला जड नसेल तर करा, नसेल करायचं तर अपराधी वाटून घेऊ नका.

ब्रेक, टायर, क्लच यांच्याबद्दल थोडक्यात: टोयोटा पहिले ३०० किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका म्हणते, ते पाळण्यासारखं आहे. नव्या टायरची पकडही लगेच पूर्ण नसते, पावसात तर विशेष सांभाळा. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय नव्या-जुन्या कुठल्याच गाडीला चांगली नाही.

मग या सगळ्याचा फायदा झाला का? गाडी मोकळी झाली हे नक्की. दोन-अडीच हजारांनंतर इंजिनाचा आवाज मऊ झाला, गिअर अलगद पडायला लागले, अ‍ॅव्हरेज वाढलं. पण यातलं अ‍ॅव्हरेज मी फारसं धरत नाही. तोवर माझा पायही गाडीला सरावला होता, हवाही बदलली होती, टायरही थोडे झिजले होते. गिअर सुटे झाले ते गिअरबॉक्समुळे, रिंगांमुळे नव्हे. रिंगांबद्दल सांगणारी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, ती म्हणजे वहीतली ऑइलची पातळी, आणि ती एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत दोन खुणांच्या मध्ये वरच्या बाजूलाच राहते. हीच गाडी वेड्यासारखी चालवली असती तर काय झालं असतं, हे सांगायला माझ्याकडे दुसरी तशीच गाडी नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी एवढंच, की सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) गिअरबॉक्स सारख्या वेगाला आरपीएम एकाच जागी धरून ठेवतो, म्हणून अधूनमधून स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोड वापरून ते हलवत राहा. हायब्रिडमध्ये इंजिन कधी चालू होणार हे गाडीच ठरवते, आपल्या हातात फारसं नाही. पण तिथे ओडोमीटरवरचे हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे हजार नव्हेत, बराच रस्ता बॅटरीवर झालेला असतो. त्यामुळे आकडा गाठला तरी आणखी काही शे किलोमीटर तशीच चालवलेली बरी.