देवगिरीची अभ्यास-सहल : १२९६ उत्तम, १३४७ राहून गेलेले

छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी किल्ल्याची अर्ध्या दिवसाची अभ्यास-सहल नेणाऱ्या एका खासगी गटासोबत नुकताच जाऊन आलो. यादवांच्या राजवटीला धक्का देणारे १२९६ चे आक्रमण त्या जागी उभे राहून समजावून सांगणे, हा या सहलीचा जाहीर हेतू आहे आणि तो बऱ्याच अंशी साधला जातो.

मार्गदर्शकांनी पहिल्याच दरवाजापाशी सर्वांना थांबवून, यादव राजा रामदेवराय ऊर्फ रामचंद्र याच्या काळात इथे काय नव्हते ते आधी सांगितले. चांद मिनार पंधराव्या शतकातला, म्हणजे बहमनी काळातला. वरची मेंढा तोफ तर त्याहूनही पुढची. हे सारे मनातून वजा केले की समोर उरतो तो कडा, आणि असा कडा पाठीशी असताना राजा शरण का गेला, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. त्याचे उत्तर त्यांनी घाई न करता दिले. उत्तरेतील कडा-माणिकपूर प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खलजी काही हजार घोडेस्वार घेऊन, आपले चुलते सुलतान जलालुद्दीन यांना पत्ता लागू न देता, एलिचपूरमार्गे दक्षिणेत उतरला. यादवांची मुख्य फौज त्या वेळी युवराज शंकरदेवाबरोबर राजधानीपासून दूर होती. आणि दिल्लीची मोठी सेना मागून येत असल्याची हूल अलाउद्दीनने उठवून दिली. शंकरदेव परतला, लढाईत त्याची सरशीही होऊ लागली होती, पण वेढ्यावर ठेवलेली तुकडी अलाउद्दीनचा सरदार नुसरतखान याने ऐनवेळी रणात आणताच तीच दिल्लीची सेना समजून यादवांची फळी फुटली. गडावर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाल्याची प्रसिद्ध कथा सांगताना, ती लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा आहे, हेही त्यांनी आवर्जून नमूद केले. इतकी सचोटी गडावरच्या मार्गदर्शनात फार क्वचित आढळते.

परिणामांची साखळीही नीट उलगडली. इथून नेलेल्या लुटीच्या बळावर अलाउद्दीनने त्याच वर्षी चुलत्याचा खून करून दिल्लीचे तख्त मिळवले, म्हणजे देवगिरीच्या पराभवाने दिल्लीचाही इतिहास बदलला. पुढे अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याच्या स्वाऱ्या झाल्या, शंकरदेव मारला गेला आणि रामदेवरायाचा जावई हरपाळदेव याचे बंड मोडल्यावर यादवांचे राज्य संपले. ज्या रामचंद्र राजाचा न्यायी म्हणून ज्ञानेश्वरीत, शके १२१२ मध्ये, गौरव झाला, त्याच्यावर हे संकट अवघ्या सहा वर्षांत कोसळले, हे ऐकताना मन खरोखर विषण्ण होते. यादवकालीन मंदिरांचे खांब वापरून उभारलेल्या जुन्या मशिदीत, म्हणजे आजच्या भारतमाता मंदिरात, ते खांब जवळून दाखवले गेले. त्यांवरचे कोरीव काम पाहण्यासाठी तिथे आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता.

त्यानंतर मात्र निवेदन ढेपाळले. १३२७ चे दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे नव्या नावाच्या दौलताबादला, झालेले राजधानी-स्थलांतर सुलतान महंमद तुघलकाच्या लहरीपणाच्या दोन-तीन किश्श्यांत उरकले गेले. दक्षिण ताब्यात ठेवण्याचा त्यामागचा हिशेब आणि दिल्लीहून आलेल्या सूफी, अंमलदार व कारागिरांमुळे खुलताबाद-दौलताबाद परिसरात मुरलेली नवी संस्कृती यांविषयी एक अक्षर निघाले नाही. मोठी उणीव १३४७ ची वाटते. तुघलकाविरुद्ध उठलेल्या अमिरांनी हसन गंगू या सरदाराला याच दौलताबादेत राज्याभिषेक केला आणि बहमनी सत्ता उभी राहिली. त्यानंतर १६३३ मध्ये शाहजहानच्या फौजेने किल्ला घेईपर्यंत, म्हणजे पावणेतीनशेहून अधिक वर्षे, त्यावर दिल्लीचा अंमल नव्हता. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही घटना १२९६ इतकीच महत्त्वाची आहे, आणि तिचा उल्लेखही न होणे मला खटकले.

व्यवस्थेबद्दल तक्रार एकच. अंधारीच्या भुयारी वाटेत गट फार मोठा झाल्याने मागच्यांना काहीच ऐकू येत नव्हते. शुल्क रास्त आहे, विद्यार्थ्यांना सवलत आहे आणि शाळांनी ही सहल जरूर विचारात घ्यावी. शक्यतो सकाळची तुकडी निवडावी, विजेरी सोबत ठेवावी, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खंदकापर्यंतच जावे, आणि बहमनी काळाविषयी बोलण्याची विनंती मार्गदर्शकांना सुरुवातीलाच करून ठेवावी. विचारलेल्या प्रश्नांना ते मनापासून उत्तरे देतात.