पेट्रोलच्या लाइनसाठी क्युप्रोनिकेल नळी: १६ महिने, दोन पावसाळे

किनारपट्टीवर रोज चालणारी जुनी कार्ब्युरेटरची गाडी. मूळची झिंकचा मुलामा असलेली पोलादी लाइन क्लिपांखाली सडली होती. टाकीपासून इंजिनापर्यंत ९०/१० क्युप्रोनिकेल टाकली, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास तांबं, १० टक्के निकेल. मुख्य लाइन अडीच सूत (५/१६ इंच), टाकीकडे परत जाणारी दोन सूत (१/४ इंच), जाडी ०.७ मिमी.

नळी आजही ठणठणीत आहे. बाहेरून काळपट झाली, चाकाजवळ हिरवट डाग आले. पुसलं की खाली धातू शाबूत. गंजले ते नट. साधे लोखंडी फ्लेअर नट (नळीचं पसरवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, दाबून धरणारे) नळीला धरून बसतात आणि पाना लावला की नळीच पिळवटते. नट पितळी किंवा स्टेनलेसचेच घ्या. क्लिपाही रबर अस्तराच्या हव्यात: खाऱ्या ओलीत तांब्याचा मिश्रधातू लोखंडाला टेकला की लोखंड झपाट्याने गंजतं. दर ३०-४० सेंमीला एक क्लिप.

खरी कसोटी टोकांची. हॅकसॉ वापरू नका, कीस थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) जातो. पाइप कटर लावा, दर फेरीला थोडाच आवळा, आतली धार रीमरने (भोक साफ करायच्या हत्याराने) काढा. फ्लेअर करण्याआधी नट नळीवर चढवायला विसरू नका. ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर (कड आत दुमडलेला) करताना टोकाला तेलाचा थेंब लावा. नट जास्त आवळला की फ्लेअर पातळ होतो आणि काही आठवड्यांनी पाझर सुरू होतो. मग आणखी आवळून फायदा नाही, टोक कापून नवा फ्लेअर करावा लागतो. जिथे रबरी होज चढते तिथे नळीला उभार हवाच, नाहीतर होज सरकते. इंजिन हलतं, म्हणून शेवटचा तुकडा होजचाच ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत दाब साधारण ३ बार असतो, तिथे कार्ब्युरेटरची होज चालणार नाही.

स्टेनलेस सगळ्यांत टिकाऊ, पण स्वस्त टूलने दुहेरी फ्लेअर करताना तडकतं. ३७ अंशांचा एकेरी फ्लेअर आणि त्याला जुळणारे स्लीव्ह-नट मिळत असतील तरच घ्या. ॲल्युमिनियम हाताने वाकतं, पण घासून लवकर भोक पडतं. शुद्ध तांब्याची एसीची नळी अजिबात नको: कंपनांनी कडक होऊन फ्लेअरच्या मानेशी तडा जातो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. तांब्यामुळे पेट्रोलचं ऑक्सिडेशन वाढतं, चिकटा धरतो. अमेरिकी नौदलाला जहाजांवरच्या क्युप्रोनिकेल पाइपांमुळे जेपी-५ या विमानांच्या इंधनात तांबं उतरण्याचा त्रास झालेला आहे. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल नळीत साचून राहत नाही. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला स्टेनलेसच टाका. डिझेलला ही नळी नकोच.