ईक्यू लावताना: कान की तक्ता?

घरच्या खोलीत अभंग, नाट्यपद किंवा ख्यालाचं मिक्स करत असाल, तर ईक्यू लावायच्या, म्हणजे आवाजातल्या ठरावीक वारंवारता कमी-जास्त करायच्या, दोन्ही वाटा तुम्हाला ठाऊक असतील. एक तक्त्याची, म्हणजे तयार आकड्यांची: 80-100 हर्ट्झच्या खालचं उडवा (लो-कट), 200 ते 400 मधला चिखल, म्हणजे कोंदटपणा, काढा, गळ्याला 3 किलोहर्ट्झपाशी उचला, कापताना अरुंद पट्टा आणि वाढवताना रुंद. दुसरी कानाची: ऐकत राहा, खटकेल तिथेच हात घाला.

तक्त्याची बाजू हलकी नाही. कान फार लवकर सरावतो. तासभर एकच गाणं ऐकलं की कोंदटलेला आवाजही बरोबर वाटायला लागतो. आवाजाच्या पातळीनुसारही तो वेगळं सांगतो: हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं. त्यामुळे शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री हळू लावून मिक्स केलं, की डग्गा गरजेपेक्षा जास्त वाढवला जातो. त्यात खोली लहान. समोरासमोरच्या भिंतींत 3 मीटर अंतर असेल तर 57 हर्ट्झच्या आसपास एका कोपऱ्यात घुमतं आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसं होतं. अशा ठिकाणी कानाला दोष देऊन काय उपयोग? निवेदन, मुलाखत, नुसतं भाषण असेल तर मीही तक्ताच लावतो आणि मोकळा होतो.

माझं मत फिरलं ते त्या 200 ते 400 च्या नियमाने. काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या गायिकेचा विचार करा. तिचा मध्य सा 208 हर्ट्झच्या जवळ, पंचम 311, तार सा 415. म्हणजे तक्ता ज्याला चिखल म्हणतो, ते जवळपास तिचं संपूर्ण मध्य सप्तक आहे! 300 च्या आसपास अरुंद कट दिला, की तो नेमका पंचमावर बसतो. मध्यम ठीक, धैवत ठीक, आणि पंचमावर ठेहराव घेतला की आवाज मागे सरकल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, गायिकेला मात्र आपलाच स्वर कमी पडला असं वाटतं. हे मला सहनच होत नाही. आख्ख्या तालमीत जो स्वर तिने सांभाळला, तो एका तयार आकड्याने पातळ करायचा?

पट्टी बदलली की हिशेबही बदलतो. काळी एकच्या गायकाचा पंचम 208 वर येतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 वर. 100 वरचा लो-कट तानपुऱ्यावरही लावला, तर खर्जाचा पाया कमकुवत होतो. जवारीमुळे, म्हणजे तारेच्या घोडीवरच्या झणकारामुळे, वरचे स्वर भरपूर असतात, म्हणून तार ऐकू येत राहते. पण बैठक गेल्याचं मला तरी जाणवतं. डग्ग्याच्या घिश्श्याचंही तेच. खालून वर सरकणारा तो आवाज मधूनच सुरू झाल्यासारखा होतो. वरच्या बाजूला 3 किलोहर्ट्झची उचल टाळ आणि पेटीशी भांडते, कारण तिथेच कान सर्वांत हळवा असतो.

कानाची वाट निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. अरुंद बूस्ट (उचल) देऊन तो वर-खाली फिरवत दोष शोधायची सवय असेल, तर जपून. त्या पद्धतीने प्रत्येक जागा वाईटच वाजते. बायपास करून, म्हणजे ईक्यू तात्पुरता बंद करून, तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवा, नाहीतर जरा मोठं असेल तेच बरं वाटतं. अधूनमधून थांबा, आवडत्या गायकाची एखादी चांगली ध्वनिमुद्रिका ऐका, मग परत बसा. तुमची खोली आणि हेडफोन माझ्यापेक्षा वेगळे असतील, तेव्हा तुमचा कौल थोडा वेगळा पडू शकतो. पण गळा आणि तानपुरा समोर असेल, तर मी तक्ता बाजूला ठेवतो.

एक करून पाहा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी गायिकेकडून मध्य सप्तकाचे सावकाश आरोह-अवरोह घेऊन ठेवा. ईक्यू लावून झाल्यावर तेवढेच ऐका. कोणता स्वर आत गेला ते लगेच कळतं.