बुटावरचा सेन्सर: पावलं पक्की, अंतर मात्र तपासून घ्या

पावलं आणि अंतर मोजणारा हा छोटा सेन्सर बरेच महिने बुटाच्या लेसमध्ये अडकवून वापरतोय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. पावलं मोजण्यात याला तोड नाही. हातात टॅली काउंटर (बटण दाबून मोजायचं छोटं यंत्र) घेऊन, ॲपकडे न बघता चाललो की शंभरामागे फार तर एखाद्या पावलाचा फरक निघतो. मनगटावरचा बँड नेमका इथे मार खातो. ट्रॉली ढकलत चाला किंवा हात खिशात घाला, त्याच्या लेखी तुम्ही जवळपास उभेच असता.

एक गोष्ट मात्र खोक्यावर लिहिलेली नसते. सेन्सर एकाच बुटावर असेल तर तो त्याच पायाचं मोजतो आणि आकडा दुप्पट करून दाखवतो. एरवी काही बिघडत नाही. पण घोटा दुखावला तेव्हा मी उघड लंगडत होतो आणि ॲपमध्ये सगळं आलबेल! दुसऱ्या बुटावरही सेन्सर लावला तेव्हा कुठे दिसलं, की दुखरा पाय जमिनीवर कमी वेळ टेकतोय. फिजिओथेरपीसाठी घेत असाल तर जोडीच घ्या, एकट्याचा उपयोग नाही.

अंतर तपासायला 400 मीटरचा ट्रॅक गाठला. त्यातही सगळ्यात आतल्या लेनमधूनच चाला, कारण दुसऱ्या लेनची फेरी सात मीटरने जास्त भरते आणि दोष उगाच सेन्सरला लागतो. खोक्यातून काढला तसाच वापरला तर अंतर तीन-चार टक्के जास्त दाखवत होता. कॅलिब्रेशननंतर, म्हणजे माहीत असलेल्या अंतराशी त्याचा आकडा जुळवून घेतल्यावर, फरक टक्क्याच्या आत आला, तोही झपझप चालताना. रेंगाळत, पाय ओढत चाललं की पुन्हा बिनसतं.

त्यामागचं कारण मजेशीर आहे. सेन्सरला थेट अंतर कळत नाही, कळतं ते त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते. त्यावरून वेग आणि वेगावरून अंतर काढताना बारीकशी चूकही वाढत जाते. वाचवतं ते पाऊल टेकणं. साध्या चालीत प्रत्येक पाय जवळपास 60 टक्के वेळ जमिनीवर असतो, त्यातला क्षणभर तो पूर्ण स्थिर असतो. तेवढ्यात सेन्सर वेग शून्य धरतो आणि साठलेली चूक पुसून टाकतो. पाय घासत चालणाऱ्याला, किंवा वाळूत, असा स्वच्छ क्षण मिळतच नाही. म्हणजे ज्यांच्या चालीवर खरं तर लक्ष ठेवायला हवं, त्या वयस्कर मंडळींचेच आकडे सर्वात कच्चे. जाहिरातीत मात्र तेच हसत चालताना दिसतात.

ट्रेडमिलवर फसेल असं वाटलं होतं, कारण टेकलेला पाय पट्ट्याबरोबर मागे जात असतो. पण पट्टा एकाच वेगाने सरकतो आणि एकसारखा वेग व स्थिर उभं राहणं यांतला फरक त्वरणमापकाला कळतच नाही. त्यामुळे अंतर बरोबर येतं. जीपीएस बिचारा तिथे शून्यावर असतो.

क्लिप ढिली राहू देऊ नका. सेन्सर लेसवर डुगडुगला की प्रत्येक पावलाला जास्तीचा झटका नोंदला जातो आणि अंतर फुगतं. बूट बदलले तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. फर्मवेअर (सेन्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावरही करा, कारण माझं एकदा गुपचूप पुसलं गेलं होतं. कस्टमर केअरला विचारलं, तर उत्तर आलं, ‘ॲप काढून पुन्हा टाका.’