चितारआळीची भातुकली आणि आमच्या घरातली मालकीण

सावंतवाडीच्या चितारआळीतनं लाकडी भातुकली घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर 'घ्या' असंच आहे. फक्त कुठली घ्यायची, कुठली दुकानातच ठेवायची आणि घरी आणल्यावर तुमचं काय होणार, हे आधी ऐकून घ्या. काचेच्या कपाटात ही खेळणी गोडच दिसतात. आमच्याकडं ती लेकीच्या ताब्यात आहेत. वय चार वर्षं, हुकूम चालतो सगळ्या घरावर. बालवाडीच्या बाई पहिल्याच पालकसभेत "उत्साही आहे हो तुमची" एवढंच म्हणाल्या आणि घाईघाईनं पुढच्या पालकाकडं वळल्या. त्यावरनं काय ते समजा.

आम्ही कोल्हापूरचे. सासुरवाडी बांद्याजवळ, त्यामुळं आंबोली घाट उतरला की सावंतवाडी लागतेच. घाटात लेकीला उलटी होते, हे ठरलेलं. ती झाली की बाईसाहेब ताज्यातवान्या होतात आणि लगेच वसुलीला लागतात. "मी रडलो नाही. आता खेळणं." (कोल्हापुरात पोरी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) मग मोती तलावाला वळसा घालून गाडी चितारआळीत जाते.

ही आळी चितारी कारागिरांची. लाकूड कातायचं आणि रंगवायचं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. दुकानांत लाकडी फळं, भाज्या, बैलगाड्या, पांगुळगाडे, भोवरे, पाट, देव्हारे, ठकी नावाची जुन्या पद्धतीची बाहुली, सगळं एकमेकांच्या अंगावर रचलेलं असतं. वेळ असेल तर राजवाड्यातही जाऊन या. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा (जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते) आणि लाखकाम (लाखेनं लाकूड रंगवणं) मोडीत निघत असताना राजवाड्यातच कारागिरांना बसवून ते पुन्हा उभं केलं. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० गोल पत्ते असतात, एकेका अवताराचे १२. सगळे हातानं रंगवलेले. मी बायकोला हे मोठ्या भक्तिभावानं सांगत होतो, तेवढ्यात लेक मोठ्यानं म्हणाली, "एवढे पापड! तळणार कोण?"

आता दुकान. दुकानदार वयस्कर, शांत माणूस. लेकीनं कुणाला न विचारता खाली मांडी घातली आणि नमुन्याला ठेवलेला संच फरशीवर मांडला. बायको "अगं, अगं" करेपर्यंत चूल पेटलीसुद्धा. गल्ल्यावरनंच त्यांनी विचारलं, "चाय मेळात काय गो?" लेकीनं वरही बघितलं नाही. "बसा. दूध नासलंय." ते बिचारे खरंच स्टुलावर बसले. पुढं गिऱ्हाईक आलं तरी उठेनात, कारण चहा अजून यायचा होता. दुकानाला माझे पाचपैकी पाच गुण आहेत ते याच गोष्टीसाठी. मालाचे गुण वेगळे.

भातुकलीत तिथं सरळ दोन जाती दिसतात. एक जुनी: चूल, जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, हंडा, कळशी, रवी, पोळपाट-लाटणं. दुसरी नवी: गॅसची शेगडी, सिलिंडर, कुकर, मिक्सर, कपाटाएवढा ऐटीत उभा असलेला फ्रीज. फळं-भाज्यांची टोपली वेगळी घ्यावी लागते. आम्ही जुना संच घेतला, नव्यातला गॅस आणि कुकर सुटा घेतला, वर तराजू आणि भाज्या. सगळं हजाराच्या आसपास बसलं. घासाघीस करायला मी तोंड उघडलं होतं, पण लेक मध्येच म्हणाली, "पप्पा, काकांचा चहा राहिलाय, पैसे दे." विषय संपला.

सगळ्यांत वसूल झालेली वस्तू म्हणजे जातं. वरची तळी खरंच फिरते, खुंटा हातात नीट बसतो. पहिल्या आठवड्यात त्यात पार्ले बिस्किट दळून झालं, मग खडू, मग आबांच्या डब्यातली बडीशेप. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जेवणानंतर बडीशेपेऐवजी हिरवट भुकटी मिळाली आणि "खडू कमी टाकलाय" अशी हमीही मिळाली. जात्याचा एकच ताप आहे: दोन तळ्यांच्या फटीत भुगा अडकतो आणि मुंग्यांना पत्ता लागतो. जुना दातांचा ब्रश ठेवा, कोरडाच फिरवा. पाण्यात घालू नका.

पाण्याचं सविस्तर सांगायला पाहिजे, कारण दुकानात कुणी सांगत नाही. ही भांडी लाकडाची आहेत, त्यांत पाणी भरायचं नाही, हे तुम्हाला कळतं. चार वर्षांच्या माणसाला कळत नाही, कारण हंडा आहे म्हणजे पाणी आलंच. आमच्या हंड्यात पोहे भिजत घातले गेले आणि हंडा दिवाणाखाली गेला. वासावरनं सापडला. लाकूड फुगून झाकण असं बसलं होतं की मी गुडघ्यात धरून ओढत होतो आणि समोर लेक आबांना समजावत होती, "पप्पांना जमत नाही, गडी बोलवा." उन्हात न ठेवता सावलीत वाळवला, तेव्हा आपोआप सुटला. लाखेचं काम मात्र टिकलं. कातताना फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घासण्याच्या उष्णतेनं ती वितळून लाकडात बसते, त्यामुळं तो रंग सहजी सुटत नाही. वरनं ब्रशनं दिलेला रंग आणि हा रंग, दोन्ही हातात घेऊन बघा, लगेच फरक कळतो. जुन्या संचातली लाखेची भांडी म्हणूनच मी वरची धरतो.

फळं-भाज्या दिसायला सगळ्यांत भारी आणि टिकायला सगळ्यांत कच्च्या. लाकूड हलकं असतं, पांगाऱ्यासारखं. त्याचा फायदा म्हणजे वांगं पायावर पडलं तर बोंब होत नाही. तोटा म्हणजे दात उमटतात. आमच्या हापूसवर पुढच्या दोन दातांचा स्वच्छ ठसा आहे. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "हो आंबो लाकडाचो आसा गो बाय, खाऊचो नाय." लेकीनं शहानिशा केली, एवढंच. चावल्यावर तिनं आजीला कळवलं, "बरोबर बोललीस."

केळ्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. माझे एक सहकारी घरी आले होते, घाईत, जेवायची वेळ टळलेली. बायको आत चहा करत होती. लेकीनं टोपली त्यांच्यापुढं धरली आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "घ्या ना काका." त्यांनी केळं उचललं. देठाकडनं सोलायला लागले. ही समोर उभी, चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. नख घसरलं, त्यांनी दुसऱ्या टोकानं प्रयत्न केला. मी हे सगळं दारातनं बघत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. शेवटी तिनंच त्यांच्या हातातनं केळं परत घेतलं. "अजून कच्चं आहे. सोमवारी या." रंगकाम किती खरं आहे याचा यापेक्षा मोठा दाखला मी देऊ शकत नाही. त्यावरचे काळे डागसुद्धा अस्सल आहेत.

तराजूची दोरी कच्ची होती, ती मी घरी बदलली. बाकी तराजू चोख. त्यामुळं आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी भाजीमंडई भरते. आबा ठरलेलं गिऱ्हाईक. दर विचारला की "बारा हजार दोन". महाग म्हटलं की "मग वीस". रोख चालत नाही. पोळपाट उभा धरते आणि "इथं स्कॅन कर" म्हणते. आबांनी चष्म्याची डबी पोळपाटासमोर धरायची. मग ही नाकातनं, अगदी दुकानातल्या त्या बोलक्या डब्याच्या आवाजात जाहीर करते, "पन्नास रुपये प्राप्त झाले." डबी नीट धरली नाही तर "सर्व्हर डाऊन" आणि भाजी परत टोपलीत. आबा चाळीस वर्षं बँकेत होते. त्यांना याचा जो त्रास होतो, तो बघण्यासारखा असतो.

गॅसच्या शेगडीची बटणं फिरतात, ही चांगली गोष्ट. सिलिंडर सुटा येतो, ही आमच्यासाठी वाईट. मी भुकेला होऊन तिच्या हॉटेलात बसलो की गॅस संपलेलाच असतो. "नंबर लावलाय, उद्या येईल." उद्या कधी येत नाही. कुकरचं म्हणाल तर त्याची दांडी चिकटवलेली होती, ती पंधरवड्यात हातात आली. खिळा किंवा खाच करून बसवलेली दांडी बघून घ्या, ओढून बघा, दुकानदार काही म्हणत नाहीत. शिट्टी लाकडी आहे, वाजत नाही, म्हणून ती लेक स्वतः वाजवते, पूर्ण ताकदीनं. एकदा माझी ऑफिसची मीटिंग घरनं चालू असताना मागं तीन शिट्ट्या झाल्या. पलीकडनं साहेबांनी विचारलं, "जेवायची वेळ झाली काय तुमची?" लेकीनं कॅमेऱ्यात तोंड घालून सांगितलं, "डाळ आहे. तुम्हाला पुरणार नाही."

या खेळात तिचं जेवण सोडून सगळ्यांची जेवणं होतात. खरी चपाती ताटात वाळत असते आणि ही माझ्यापुढं लाकडी ताटली ठेवून उभी. "टाकायचं नाही. चावून खा. पाणी मध्ये प्यायचं नाही. मी तीनपर्यंत मोजणार. एक, दोन, अडीच..." ही सगळी वाक्यं शब्दाशब्दानं बायकोची आहेत, अडीचसकट. बायको स्वयंपाकघरात हे ऐकते आणि काही बोलत नाही, भांडी जरा जोरात ठेवते. ठकीचे हाल तर विचारूच नका. तिचं तोंड रंगवलेलं, उघडत नाही, म्हणून ती रोज जेवणावरनं बोलणी खाते. दहीभात भरवून झाला. तो वाळल्यावर ओल्या फडक्यानं पुसताना कपाळावरचं कुंकू फिकं झालं. ठकी घ्यायची तर खेळायला नको, मांडायला घ्या.

सुरक्षिततेचं विचारतील म्हणून लिहितो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातनं सूट आहे. त्यामुळं चिन्ह दिसलं नाही म्हणून बिचकू नका, पण डोळे मिटूनही घेऊ नका. पांढरा रुमाल ओला करून घासा, रंग उतरला तर ठेवून द्या. कडांवरनं बोट फिरवा, कूस लागते का बघा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, असा दंडक आहे. म्हणजे साधारण सव्वा इंच. या संचातल्या वाट्या, लिंबं, लसणाचे गड्डे त्यात आरामात मावतात. घरात रांगणारं मूल असेल तर मोठ्या मापाचा संच मागा, मिळतो, किंमत अर्थात चढते. आमच्या लेकीचा तोंडात घालायचा काळ संपलाय, हापूस सोडला तर.

तेव्हा माझा कौल असा: जुना संच नक्की घ्या, जातं तर सुटं मिळालं तरी घ्या. भाज्या घेताना टोमॅटो, वांगी, केळी अशा ठसठशीत घ्या. भेंडी आणि मिरच्या आठवड्यात सोफ्याच्या पोटात जातात. नवा फ्रीज-मिक्सर मला पटला नाही, दार उघडण्यापलीकडं त्यात काही करता येत नाही आणि लेकीनं दुकानातच त्याला नापास केलं होतं: "यात थंड नाही."

आणखी एक सोय सांगायची राहिली. एखादी वस्तू हरवली तर संचच नवा घ्यायला लागत नाही. आमची मुसळी हरवली तेव्हा मी दुकानात फोन केला, तर दुकानदारांनी सुटी कातून सासूबाईंकडं पोचवली, पैसे नाममात्र. त्या फोनवर शेवटी लेकीला बोलायचं होतं. चहावाल्या काकांना तिनं नीट ऑर्डर दिली, दोन सिलिंडर पाठवा, पप्पांना सांगू नका. सिलिंडर आला, एकच. त्याला रेग्युलेटर नाही अशी सध्या तक्रार चालू आहे, आणि ती मी मिटवायची आहे.