तांबट आळीतलं मठारलेलं पातेलं: घ्यावं का?

पाचपैकी चार. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका छोट्या दुकानातून कल्हई केलेलं तांब्याचं पातेलं घेतलं. पॉलिटेक्निकमध्ये धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेय, त्यामुळे भांडं वाजवून, दाबून, उलटंपालटं करूनच घेते. दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

आधी मठारणीचे ठोके, म्हणजे भांडं ताठ व्हावं म्हणून हातोडीने एकमेकांलगत घातलेले घाव. हल्ली लोकांना ती नक्षी वाटते, म्हणून पातळ पत्र्यावर साच्याने खळगे उठवलेली भांडीही सर्रास विकली जातात. काठ अंगठ्याने दाबून बघा, तसल्या भांड्याचा चक्क आत जातो. माझ्या पातेल्याचा हलला नाही. तांब्याचे अणू आपापला बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडून देतात आणि त्या सामायिक इलेक्ट्रॉनांनी सगळे एकत्र धरलेले असतात. अमुक शेजाऱ्याशीच गाठ, असं नसतं. त्यामुळे हातोडी पडली की थर सरकतात, तुटत नाहीत. खडेमिठावर तोच घाव घाला, भुगा होईल. थरांच्या रचनेत दोष असतात म्हणून ते सहज सरकतात. ठोकत गेलं की दोष वाढतात, एकमेकांत गुंततात आणि पत्रा ताठ होतो. मग कारागीर तो भट्टीत लाल करून पाण्यात टाकतो. पोलादाला असं केलं तर ते कडक होतं, तांबं मात्र नरम पडतं, कारण तापल्यावर अणू पुन्हा नीट रचले जातात. शेवटच्या मठारणीनंतर ही भट्टी नाही, आलेला ताठपणा तसाच राखायचा. तिथले काका लोखंडी दांड्यावर भांडं फिरवत मठारत होते, ठोक्याला ठोका चिकटून, ओळ न मोडता.

पितळी पातेलंही होतं. जस्ताचे जरा मोठे अणू तांब्याच्या अणूंच्या जागी बसले की थरांना सरकणं जड जातं, म्हणून पितळ मुळातच कडक. पण उष्णता नेणारे इलेक्ट्रॉनही तिथे अडखळतात. शुद्ध तांबं पितळेच्या तिपटीहून जास्त आणि स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ पंचवीसपट उष्णता वाहून नेतं. बासुंदी आटवली तेव्हा हा फरक दिसला, बुडाशी मधोमध डाग धरला नाही.

एक तारा गेला तो कल्हईपायी. बुडाच्या कडेला लाल छटा दिसत होती. ‘वापरात बसेल’ म्हणे! अशी बसत नसते. आमटीत आमसूल घालायचं तर तांबं उघडं चालणार नाही. बरीच हुज्जत घातल्यावर भांडं तापवून, नवसागर टाकून, कथिल कापसाच्या बोळ्याने फिरवून दिलं. आता छान आहे. मात्र कथिल 232 अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा रिकामं पातेलं गॅसवर विसरू नका.

भाव वजनावर, मजुरी आणि कल्हई वेगळी. आधी विचारून घ्या, पाटीवर फक्त तांब्याचा दर असतो.