हेड न उतरवता हेडचं बिल

जुनी पेट्रोल गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून पेटेनासं झालं, आणि गॅरेजवाला सिलिंडरमधला दाब मोजायचं गेज न लावताच “कॉम्प्रेशन गेलंय, हेड उतरवावं लागेल” म्हणाला (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग), तर चावी परत मागा. आमच्या अण्णांना हे वाक्य 23,400 रुपयांना पडलं आणि गाडी होती तशीच राहिली.

गाडी 2014 ची वॅगन आर. तीन सिलिंडरचं इंजिन, त्यामुळे एक जरी बसला तरी लपत नाही, सीटसकट थरथर जाणवते. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये झटके सुरू झाले आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. नुसता पेटलेला दिवा घेऊन घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर मात्र न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जात असतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून कायमचा जातो. म्हणून अण्णांनी हायवेलगत दिसलेल्या पहिल्या गॅरेजात गाडी घातली. बरोबरच केलं.

गाडी मिळाली तेव्हा दिवा बंद, इंजिन उभ्या जागी बऱ्यापैकी शांत. सपाट रस्त्यावर एक फेरीही मारून दाखवली. पुढच्या चढाला पुन्हा तेच झटके, आणि काही दिवसांनी दिवाही परत आला.

यातली मेख अशी. स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला की दिवा लगेच विझतो, बिघाड असो वा नसो. मिसिंग थोडं असेल तर पुढच्या एक-दोन खेपांत ते पुन्हा पकडलं गेल्यावरच दिवा परत लागतो. तोवर बिल चुकतं झालेलं असतं. आणि प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल कमजोर झाली असली, तरी इंजिनावर भार नसताना निभावून नेते. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, तिथे ती मान टाकते. सपाट रस्त्यावरच्या ‘टेस्ट राउंड’ला म्हणून काडीचाही अर्थ नाही.

गाडी मग साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी कोड वाचला: पी 0302, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. (एप्रिल 2013 नंतरच्या गाड्यांमध्ये मिसफायर (म्हणजे मिसिंग) ओळखणारी यंत्रणा असते, तेव्हा “कोड येत नाही” ही सबब ऐकून घेऊ नका.) या इंजिनला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे. त्यांनी दोनची कॉइल तीनवर लावली, तीनची दोनवर, कोड पुसला आणि मला शेजारी बसवून गाडी चढाला नेली. आता कोड आला पी 0303. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे चोर सापडला. कोड जागचा हलला नसता, तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन गेज; हेडचा विषय त्याच्याही नंतर.

नवी कॉइल दोन हजारांच्या आत बसली.

मग मिस्त्रींनी आधीचं बिल मागितलं. हेड गॅसकेट (हेडखालचं पॅकिंग), व्हॉल्व लॅपिंग (व्हॉल्व घासून नीट बसवणं), तीन नवे प्लग, इंजेक्टर सफाई, मजुरी. त्यांनी एक प्लग काढून उजेडात धरला. आटे तारेच्या ब्रशने घासून चकाचक, पण मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या आणि पांढऱ्या चिनीमातीवर जुना तपकिरी पट्टा. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात. या इंजिनचं हेड काढायचं तर टायमिंग चेनचं कव्हर उघडावंच लागतं, आणि परत बसवताना ताजं सीलंट लावावं लागतं. आमच्या कव्हरच्या सांध्यावर तेलात माखलेली जुनी धूळ जशीच्या तशी होती. पाना लागल्याची एक खूणही नाही.

फोटो काढले आणि बिल घेऊन अण्णांसोबत त्या गॅरेजात गेलो. “काढलेले पार्ट कुठे आहेत?” एवढंच विचारलं. आधी “भंगारात गेले”, मग “पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं बिल दिलं”. शेवटी हेडचे म्हणून नऊ हजार परत केले. प्लगबद्दल तोंड उघडायला तयार नाही. उरलेल्या पैशांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही. जुनी कॉइल, ते तिन्ही प्लग आणि मिस्त्रींनी सही करून दिलेला कागद पिशवीत बांधून ठेवला आहे.